आरोग्यविज्ञान-शिक्षणातील संशोधन

वैद्यक, दंतवैद्यक, आयुर्वेद, परिचर्या, औषधनिर्माण, भौतिकोपचार इ. आरोग्यव्यवसायांचे शिक्षण कसे दिले जाते, विद्यार्थी ते कसे आत्मसात करतात आणि त्याचा रुग्णसेवेवर कोणता परिणाम होतो, यांचा पद्धतशीर व पुराव्यावर आधारलेला अभ्यास म्हणजे आरोग्यविज्ञान-शिक्षणातील संशोधन होय. वैद्यकीय संशोधनात रोग, औषध किंवा शरीरक्रिया हा अभ्यासविषय असतो. येथे अध्ययन व अध्यापन हा अभ्यासविषय असतो. विद्यार्थी, शिक्षक, रुग्ण व संस्था हे चारही घटक सतत बदलत असल्यामुळे प्रयोगशाळेतील काटेकोरपणा या क्षेत्रात जसाच्या तसा आणता येत नाही. म्हणून शिक्षणशास्त्र, मानसशास्त्र, समाजशास्त्र व सांख्यिकी या शास्त्रांच्या पद्धतींचा त्यात मेळ घातला जातो. स्वतंत्र विद्याशाखा या नात्याने हे क्षेत्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उदयास आले. परंतु त्याच्या मुळाशी असलेले प्रश्न महाराष्ट्रात एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून विचारले जात होते. शिक्षणविषयक निर्णय वारंवार झाले, पण त्या निर्णयांची परीक्षा क्वचितच झाली, हे या इतिहासाचे मुख्य लक्षण आहे.

मुंबई इलाख्यातील आरंभ : पाश्चात्त्य वैद्यकाच्या शिक्षणासाठी मुंबई सरकारने १८२६ मध्ये एक देशी वैद्यकशाळा काढली. जॉन मॅक्लेनन हे तिचे प्रमुख होते. शिक्षण देशी भाषांतून दिले जाई आणि त्यासाठी लागणाऱ्या इंग्रजी ग्रंथांच्या भाषांतराचा भारही मुख्यतः मॅक्लेनन यांच्यावरच होता. अपेक्षित फळ मिळाले नाही, असे ठरवून सरकारने १८३२ मध्ये ही शाळा बंद केली. विद्यार्थ्यांची पूर्वतयारी, अध्यापनाची भाषा, शिक्षकांची अपुरी संख्या आणि रुग्णशय्येजवळील शिक्षणाची सोय यांपैकी कोणत्या कारणाचा वाटा किती, हा प्रश्न त्या वेळी अनिर्णित राहिला.

सर रॉबर्ट ग्रँट हे मुंबईचे गव्हर्नर असताना वैद्यकीय शिक्षणाचा प्रश्न पुन्हा पुढे आला. मुंबईच्या मेडिकल अँड फिजिकल सोसायटीचे चिटणीस चार्ल्स मोरहेड यांनी या कामी पुढाकार घेतला. इलाख्यातील देशी वैद्यांची स्थिती आणि पूर्वीच्या शाळेचा अनुभव यांविषयी माहिती जमवून नव्या संस्थेची आखणी करण्यात आली. नवी संस्था काढण्यापूर्वी जुनीच्या अपयशाची कारणे तपासणे, ही या प्रदेशातील शिक्षणविषयक चौकशीची पहिली महत्त्वाची पायरी म्हणता येईल. ग्रँट यांचे १८३८ मध्ये निधन झाले. त्यांच्या नावाचे ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय १८४५ मध्ये सुरू झाले आणि मोरहेड हे त्याचे पहिले प्रमुख झाले. सर जमशेटजी जिजीभाई रुग्णालय शेजारीच असल्याने विद्यार्थ्याने ग्रंथाबरोबरच प्रत्यक्ष रुग्ण अभ्यासावा, हा आग्रह मोरहेड यांना प्रथमपासून धरता आला. १८५१ मध्ये पदवी मिळवून बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत भाऊ दाजी लाड यांचा समावेश होता.

या महाविद्यालयात शिक्षणाचे माध्यम इंग्रजी होते. पुढे १८६० नंतरच्या दशकात तेथे मराठी व गुजराती माध्यमांचे वर्गही निघाले. त्यांतून दुय्यम दर्जाचे रुग्णालय-साहाय्यक तयार होत. पुण्यात १८७१ मध्ये बैरामजी जीजीभाई यांच्या नावाने वैद्यकशाळा स्थापन झाली. तिचे १९४६ मध्ये महाविद्यालयात रूपांतर झाले. अशा रीतीने इंग्रजी व मराठी हे दोन प्रवाह बरीच वर्षे समांतर चालले. कोणत्या माध्यमातील विद्यार्थी रुग्णाची चिकित्सा अधिक चांगली करतो, याची पद्धतशीर तुलना करण्यास अशी संधी क्वचितच मिळते. प्रत्यक्षात मात्र हा प्रश्न नोकरीच्या श्रेणी व प्रशासकीय सोय यांच्या आधारे निकालात निघाला.

हैदराबाद संस्थानातील अनुभव : जालना हे त्या काळी निजामाच्या राज्यातील एक लष्करी ठाणे व व्यापारी गाव होते. तेथील वैद्यकीय सेवेचा संबंध मुंबईपेक्षा हैदराबादशी अधिक होता. हैदराबाद येथे १८४६ मध्ये विल्यम कँबेल मॅक्लेन यांच्या प्रमुखत्वाखाली वैद्यकशाळा सुरू झाली व तीत उर्दू भाषेतून शिक्षण दिले जाऊ लागले. म्हणजे संस्थानातील मराठी भाषक विद्यार्थ्याला वैद्यक शिकावयाचे तर ते मातृभाषेऐवजी दरबारी भाषेतून शिकावे लागे.

याच शाळेचे प्रमुख एडवर्ड लॉरी यांच्या कारकीर्दीत अध्यापन व संशोधन यांच्या संबंधावर प्रकाश टाकणारी एक घटना घडली. लॉरी हे एडिंबरो येथील शल्यविशारद जेम्स साइम यांचे शिष्य होते. क्लोरोफॉर्म देताना नाडीकडे लक्ष न देता केवळ श्वसनाकडे लक्ष ठेवावे, हा साइम यांचा नियम लॉरी आपल्या विद्यार्थ्यांना शिकवीत. क्लोरोफॉर्ममुळे हृदय एकाएकी बंद पडू शकते, असे लंडनमधील अनेक वैद्य मानीत. हा वाद मिटविण्यासाठी १८८८ मध्ये पहिला हैदराबाद क्लोरोफॉर्म आयोग नेमण्यात आला. त्याचे निष्कर्ष 'द लॅन्सेट' या नियतकालिकाने मान्य केले नाहीत. तेव्हा निजामाच्या खर्चाने १८८९ मध्ये दुसरा आयोग भरविण्यात आला आणि लॅन्सेटतर्फे लॉडर ब्रंटन हे हैदराबादेस आले. शेकडो प्राण्यांवर प्रयोग करून श्वसन हृदयाच्या आधी थांबते, असा निष्कर्ष आयोगाने काढला व तो १८९० मध्ये प्रसिद्ध झाला. १९११ च्या सुमारास गुडमन लेव्ही यांनी अल्प प्रमाणातील क्लोरोफॉर्मनेही हृदयाच्या कप्प्यांचे विकंपन होऊन आकस्मिक मृत्यू येऊ शकतो, हे प्रयोगाने दाखविले आणि आयोगाचा निष्कर्ष मागे पडला.

संशोधनाच्या पायाभूत अभ्यासात या प्रकरणाचे महत्त्व मोठे आहे. आयोगाकडे द्रव्यबळ, मनुष्यबळ व निरीक्षणांची मोठी संख्या होती. उणीव होती ती प्रश्नाच्या मांडणीत. वर्गात शिकविला जाणारा नियम खरा आहे काय, हे विचारण्याऐवजी तो खरा असल्याचे दाखविणे हा चौकशीचा रोख राहिला. निरीक्षणांची संख्या वाढविल्याने आराखड्यातील दोष भरून निघत नाही, हा धडा औषधाच्या प्रयोगाला जितका लागू आहे तितकाच अध्यापनाच्या प्रयोगालाही लागू आहे.

भोर समिती व त्यानंतर : सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील आरोग्य सर्वेक्षण व विकास समितीने १९४६ मध्ये आपला अहवाल सादर केला. वैद्यकाचे पदविका अभ्यासक्रम बंद करून सर्वांसाठी एकच पदवी अभ्यासक्रम असावा, अशी तिची शिफारस होती. खेड्यांसाठी वैद्यांची तातडीची गरज लक्षात घेता पदविका चालू ठेवाव्यात, असे मत काही सदस्यांनी वेगळे नोंदविले. बहुमताची शिफारस अमलात आली. वैद्य हा समाजाभिमुख असावा व त्याला प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकाचे शिक्षण मिळावे, हा समितीचा विचार दूरगामी होता. मात्र एकच पदवी ठेवल्याने खेड्याला मिळणारी सेवा वाढेल की घटेल, हे पाहण्याची योजना त्याबरोबर आखली गेली नाही.

हैदराबाद संस्थान १९४८ मध्ये भारतात विलीन झाले. मराठवाड्यातील पहिले वैद्यकीय महाविद्यालय १९५६ मध्ये औरंगाबाद येथे स्थापन झाले. विदर्भात सेवाग्राम येथे सुशीला नायर यांच्या पुढाकाराने १९६९ मध्ये महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था निघाली. विद्यार्थ्यांनी आरंभी आश्रमात राहावे, प्रत्येक तुकडीने एक खेडे दत्तक घ्यावे आणि विद्यार्थ्याने ठराविक कुटुंबांच्या आरोग्याची पाहणी करावी, ही तेथील शिक्षणक्रमाची वैशिष्ट्ये होत. श्रीवास्तव गटाच्या १९७५ च्या अहवालात आणि त्यानंतर १९७७ मध्ये सुरू झालेल्या वैद्यकीय शिक्षण-पुनर्रचना योजनेत हाच ग्रामाभिमुखतेचा विचार राष्ट्रीय पातळीवर मांडला गेला.

विद्याशाखेचा उदय : शिक्षणाच्या प्रश्नांकडे संशोधनाचा विषय म्हणून पाहण्याची पद्धत अमेरिकेत रूढ झाली. एब्रहॅम फ्लेक्सनर यांचा १९१० चा अहवाल हा वैद्यकीय महाविद्यालयांची प्रत्यक्ष पाहणी करून लिहिलेला असला, तरी त्याचे स्वरूप तपासणीचे होते. बफालो विद्यापीठात १९५५ च्या सुमारास जॉर्ज मिलर यांनी वैद्यकाचे प्राध्यापक व शिक्षणशास्त्रज्ञ यांना एकत्र आणणारा प्रकल्प सुरू केला. पुढे इलिनॉय विद्यापीठात त्यांनी वैद्यकीय शिक्षणाच्या संशोधनासाठी स्वतंत्र कार्यालय उभारले. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात १९६९ मध्ये समस्याधिष्ठित अध्ययनाची पद्धत सुरू झाली. ऑस्की या नावाने ओळखली जाणारी वस्तुनिष्ठ व संरचित चिकित्सा-परीक्षा रोनाल्ड हार्डेन व त्यांचे सहकारी यांनी १९७५ मध्ये मांडली. जागतिक आरोग्य संघटनेसाठी झां-झाक गिल्बेर यांनी लिहिलेली शिक्षकपुस्तिका १९७७ मध्ये प्रसिद्ध झाली आणि विकसनशील देशांतील शिक्षकांमध्ये तिचा मोठा प्रसार झाला.

मिलर यांनी १९९० मध्ये मांडलेला चार पायऱ्यांचा मनोरा मूल्यमापनात विशेष प्रसिद्ध आहे. विद्यार्थ्याला माहिती असणे, ती कशी वापरावी हे कळणे, ती वापरून दाखविता येणे आणि प्रत्यक्ष कामात ती वापरणे, अशा त्या चढत्या पायऱ्या होत. लेखी परीक्षा खालच्या दोन पायऱ्यांपर्यंत पोहोचते, प्रात्यक्षिक परीक्षा तिसरीपर्यंत. चौथी पायरी दवाखान्यात व खेड्यातच पाहावी लागते. शैक्षणिक संशोधन बव्हंशी पहिल्या दोन पायऱ्यांवर घोटाळत राहते, ही त्याची सर्वपरिचित मर्यादा आहे.

भारतात पाँडिचेरी येथील जवाहरलाल पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्थेत १९७५ मध्ये राष्ट्रीय शिक्षक प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. भारतीय वैद्यक परिषदेने १९९७ च्या विनियमांत महाविद्यालयांतील वैद्यकीय शिक्षण-कक्षांना स्थान दिले आणि २००९ पासून विभागीय केंद्रांमार्फत शिक्षकांसाठी मूलभूत कार्यशाळा सुरू केल्या. मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात २००५ मध्ये 'फेमर' या अमेरिकन प्रतिष्ठानाची प्रादेशिक संस्था निघाली. तीत निवडलेल्या प्रत्येक शिक्षकाला आपल्या महाविद्यालयातील एखाद्या शैक्षणिक प्रश्नावर प्रकल्प करावा लागे. ऐकलेल्या व्याख्यानापेक्षा स्वतः पार पाडलेल्या प्रकल्पातून संशोधनाची शिस्त अधिक पक्की होते, हे तत्त्व त्यामागे होते. भारतीय वैद्यक परिषदेच्या प्रगत अभ्यासक्रमातही पुढे हीच पद्धत स्वीकारण्यात आली.

नासिक येथे १९९८ मध्ये महाराष्ट्र आरोग्यविज्ञान विद्यापीठाची स्थापना झाली. वैद्यक, दंतवैद्यक, आयुर्वेद, युनानी, होमिओपॅथी, परिचर्या इ. शाखांची राज्यातील महाविद्यालये त्यामुळे एका विद्यापीठाच्या कक्षेत आली. केवळ वैद्यकाऐवजी सर्व आरोग्यव्यवसायांच्या शिक्षणाचा एकत्रित विचार करण्यास त्यामुळे संस्थात्मक आधार लाभला. देशात २०१९ पासून क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम लागू झाला. २०२० मध्ये भारतीय वैद्यक परिषदेची जागा राष्ट्रीय वैद्यक आयोगाने घेतली आणि आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनुसार शिक्षकांच्या पदोन्नतीसाठी शिक्षणतंत्र व जैववैद्यकीय संशोधन या दोहोंचे मूलभूत अभ्यासक्रम आवश्यक ठरले.

गडचिरोलीचा अभ्यास : शिक्षणाचा परिणाम चौथ्या पायरीच्याही पुढे, म्हणजे लोकांच्या आरोग्यापर्यंत, मोजता येतो याचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण गडचिरोली जिल्ह्यातील आहे. अभय व राणी बंग यांनी १९८६ मध्ये स्थापन केलेल्या 'सर्च' या संस्थेने ३९ गावांतील निवडक स्त्रियांना नवजात बालकांची घरच्या घरी काळजी घेण्याचे व जंतुसंसर्ग ओळखून उपचार करण्याचे शिक्षण दिले. ४७ गावे तुलनेसाठी ठेवली. शिक्षणास प्रारंभ होण्यापूर्वीच, १९९३ पासून, दोन्ही गटांतील जन्म-मृत्यूंची नोंद करण्यात आली होती. १९९९ मध्ये लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तुलनागटाच्या मानाने नवजात मृत्युदर सु. ६२ टक्क्यांनी घटला. हा अभ्यास सामान्यतः बालआरोग्यातील संशोधन म्हणून ओळखला जातो. तथापि अल्पशिक्षित व्यक्तीला अवघड चिकित्साकौशल्य शिकविता येते काय, या शैक्षणिक प्रश्नाचेही उत्तर त्यातून मिळाले. आधीची नोंद, तुलनागट आणि अंतिम परिणामाचे मापन या तीन गोष्टींमुळे ते उत्तर विश्वासार्ह ठरले.

संशोधनाचा पाया : शैक्षणिक संशोधनाचा आरंभ नेमक्या प्रश्नाने होतो. 'नवी पद्धत चांगली आहे काय?' हा प्रश्न संशोधनास अपुरा पडतो. कोणत्या विद्यार्थ्यांसाठी, कशाच्या तुलनेत आणि कोणत्या फलिताच्या बाबतीत, हे ठरल्यावरच त्याला आकार येतो. डेव्हिड कुक, जॉर्ज बोर्डाझ व हेंक श्मिट यांनी २००८ मध्ये या क्षेत्रातील अभ्यासांचे तीन प्रकार केले : काय केले ते सांगणारे वर्णनात्मक, उपयोग झाला काय हे पाहणारे समर्थनात्मक आणि तो का व कसा झाला हे उलगडणारे स्पष्टीकरणात्मक. तिसऱ्या प्रकारचे अभ्यास संख्येने सर्वांत कमी आढळले. ज्ञान पुढे नेण्याचे सामर्थ्य मात्र त्यांच्यातच अधिक असते.

प्रश्नानंतर आराखडा ठरतो. शिकविण्यापूर्वी व शिकविल्यानंतर एकाच गटाची परीक्षा घेणे सोपे असते. परंतु गुणांतील वाढ नव्या पद्धतीमुळे झाली, सरावामुळे झाली की केवळ काळ लोटल्यामुळे झाली, हे त्यावरून कळत नाही. म्हणून तुलनागट लागतो आणि शक्य तेथे विद्यार्थ्यांची विभागणी यादृच्छिक पद्धतीने करावी लागते. एका वसतिगृहात राहणारे विद्यार्थी टिपणांची देवघेव करतात. त्यामुळे गट शुद्ध राहत नाहीत. ही अडचण ओळखून तुकडी किंवा खेडे हेच विभागणीचे एकक मानले जाते. मोजमापाचे साधन विश्वसनीय व सप्रमाण असावे लागते. जे मोजावयाचे तेच ते मोजते, याचा पुरावा द्यावा लागतो. संख्येत न मावणाऱ्या गोष्टींसाठी, उदा., विद्यार्थ्याला रुग्णाची भीती का वाटते हे जाणण्यासाठी, मुलाखती, गटचर्चा व निरीक्षण या गुणात्मक पद्धती वापरतात. विद्यार्थी हा शिक्षकाच्या अधिकाराखाली असल्याने त्याची संमती खरोखरच स्वेच्छेची आहे काय, याची दक्षता नैतिक समितीला घ्यावी लागते.

जालना जिल्हा : औरंगाबाद जिल्ह्यातील चार तालुके व परभणी जिल्ह्यातील परतूर तालुका मिळून १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा अस्तित्वात आला. बदनापूर तालुक्यातील वरुडी येथे खाजगी वैद्यकीय महाविद्यालय निघाले आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यातील दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांबरोबर जालना येथील महाविद्यालयाचे उद्घाटन झाले. त्याची प्रवेशक्षमता १०० आहे. या महाविद्यालयाची पहिली तुकडी साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम व एक वर्षाची आंतरवासिता पूर्ण करून २०३० च्या सुमारास बाहेर पडेल.

राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२१-२२ च्या प्रवेशांपासून कुटुंब दत्तक उपक्रम अभ्यासक्रमात आणला. सेवाग्रामला अर्धशतकापूर्वी सुरू झालेली कल्पना त्यामुळे सर्व महाविद्यालयांत पोहोचली. भोकरदन वा मंठा तालुक्यातील एखाद्या घरी विद्यार्थी नियमाने जातो. त्या भेटींमुळे त्या घरातील गर्भवतीचे रक्तद्रव्य वाढते काय, रक्तदाबाचा रुग्ण गोळ्या सोडत नाही काय, आणि पदवीनंतर तो विद्यार्थी ग्रामीण सेवेकडे वळतो काय, हे तीन वेगवेगळे प्रश्न आहेत व तिन्हींची उत्तरे मिळविता येण्याजोगी आहेत. इंग्रजी ग्रंथावर पोसलेला विद्यार्थी रुग्णाच्या बोलीत औषधाची मात्रा समजावून देऊ शकतो काय, हा तर १८२६ पासून उभा असलेल्या प्रश्नाचाच एक भाग आहे. ग्रामीण रुग्णाचा पहिला संबंध बहुधा आशा कार्यकर्ती किंवा परिचारिका यांच्याशी येतो. म्हणून त्यांच्या शिक्षणाचाही या अभ्यासांत समावेश असणे अगत्याचे ठरते.

एकेका महाविद्यालयातील विद्यार्थिसंख्या मर्यादित असल्याने अशा प्रश्नांसाठी अनेक महाविद्यालयांनी समान साधने वापरून एकत्र अभ्यास करणे हितावह असते. एकाच वेळी सुरू झालेल्या दहा महाविद्यालयांमुळे अशा तुलनेस अनुकूल स्थिती निर्माण झाली आहे. मात्र त्यासाठी आरंभीची नोंद वेळेवर व्हावी लागते. कुटुंबांच्या आरोग्याची आणि विद्यार्थ्यांच्या पूर्वतयारीची स्थिती पहिल्या तुकड्यांच्या काळातच टिपली गेली, तर पुढील बदल मोजता येतो. ती टिपली गेली नाही, तर नंतर कितीही निरीक्षणे केली तरी तुलनेचा आधार उरत नाही. मुंबईची शाळा १८३२ मध्ये बंद झाली तेव्हा अपयशाची कारणे मागाहून शोधावी लागली. जिल्ह्याच्या ठिकाणी निघालेल्या नव्या महाविद्यालयांना ती शोधयात्रा आरंभापासून करता येणे शक्य आहे, आणि खेड्यातील रुग्णाला त्या महाविद्यालयांचा लाभ झाला की नाही, याचा निर्णय त्यावरच अवलंबून राहील.